जुनी मिलिटरी जीप स्टार्ट घेत नाही? आधी ठरवा, पेट्रोल की करंट

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी किंवा तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू दारात येऊन उभी राहिली, की महिन्याभरात एक सकाळ ठरलेली असते. सेल्फ फिरतोय, इंजिन फिरतंय, पण गाडी स्टार्ट घेत नाही. भोवती चार जण जमतात आणि चौघांचं निदान एकच असतं: "कार्बोरेटर उघडा." माझा नियम उलटा आहे. कार्बोरेटरला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, बाकी सगळं निर्दोष सुटल्यावर. कारण तो उघडला की फ्लोटची पातळी, गॅस्केट, सुई हे सगळं हलतं आणि मग मूळ दोष एक होता तिथे दोन होतात. या गाड्यांत पेट्रोलचा वाटणारा दोष पुष्कळदा करंटचा निघतो.

हा लेख एमबी आणि जीपीडब्ल्यू समोर ठेवून लिहिला आहे. चार सिलिंडर, २.२ लिटर, साइड व्हॉल्व्ह, ६० हॉर्सपॉवर, ६ व्होल्ट. त्याच काळातल्या डॉज डब्ल्यूसी किंवा जीएमसीच्या ट्रकांनाही रीत हीच लागू पडते, फक्त गॅपचे (ठिणगीच्या फटींचे) आकडे आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, त्या त्या गाडीचा घ्यायचा. जीपचं सैन्याचं मूळ मॅन्युअल टीएम ९-८०३ हे १९४४ सालचं आहे, आणि ते मैदानात अवजारांचा एक डबा घेऊन बसलेल्या सैनिकासाठी लिहिलेलं आहे. म्हणूनच नवख्याला ते आजही झेपतं.

हात लावण्याआधी

स्पार्क तपासायचा आणि पेट्रोलची लाइन उघडायची, ही दोन कामं एका वेळी कधीच करू नका. आधी स्पार्क, इग्निशन बंद, मग पेट्रोल. सांडलेलं पुसून, वाफ उडून जाईपर्यंत थांबायचं. आग विझवायचा सिलिंडर हाताच्या अंतरावर हवा, गाडीच्या पलीकडच्या बाजूला नको. एअर क्लीनरची नळी काढून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने सेल्फ मारायचा, हा प्रकार बरेच जण सर्रास करतात. इंजिनने एकदा उलटा भडका मारला की भुवया जातात, आणि भुवयांवर भागलं तर नशीब.

हँडल मारणार, म्हणजे पुढून दांडा घालून इंजिन हाताने फिरवणार असाल, तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ वळून हँडलला विळखा घालू नका. जोर खालून वर लावायचा, वरून खाली दाबायचा नाही. इंजिनने उलटी लाथ मारली तर हँडल हातातून सुटून जायला हवं.

पहिली पायरी: बॅटरी आणि अर्थ

६ व्होल्टच्या गाडीत सेल्फला लागणारे अँपिअर १२ व्होल्टच्या मानाने दुप्पट असतात. त्यामुळे केबल जाडजूड लागते. आधीच्या मालकाने १२ व्होल्टच्या गाडीची पातळ केबल बसवलेली असेल, तर सेल्फ फिरताना बॅटरीतलं सगळं बळ तिथेच खर्ची पडतं आणि ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलपर्यंत पोचतात जेमतेम चार व्होल्ट. इंजिन फिरताना दिसतं, पण ठिणगी मरतुकडी.

याची एक सोपी खूण आहे. सेल्फवर गाडी येत नाही, पण हँडल मारलं की दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात येते? मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कॉइल, कार्बोरेटर सगळे निर्दोष आहेत. गुन्हेगार बॅटरी, केबल किंवा अर्थ.

अर्थ म्हणजे फक्त बॅटरीची निगेटिव्ह केबल नव्हे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते चासी अशी वेगळी पट्टी लागते. रंगकाम करताना ती पट्टी रंगावरच आवळून टाकलेली मी कितीदा पाहिली आहे. गाडी दिसायला झकास आणि अर्थ गायब. मीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं थेट इंजिन ब्लॉकवर लावा आणि सेल्फ मारायला सांगा. काटा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेला तर सगळे सांधे खोला, धातू चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा.

दुसरी पायरी: ठिणगी आहे का?

डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग. त्याच्या कॅपच्या मधोमध येणारी कॉइलची वायर उपसा. कोरड्या लाकडी चिमट्याने किंवा इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने तिचं टोक ब्लॉकपासून साधारण ६ मिलिमीटरवर धरा आणि इंजिन फिरवायला सांगा. जीपमध्ये सेल्फचं बटण पायाखाली असतं, त्यामुळे एकट्याने हे जमत नाही.

एकटे असाल तर दुसरी युक्ती आहे. कॅप काढा, इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणा, इग्निशन चालू करा आणि लाकडाच्या बारीक काडीने पॉइंट उघडा. उघडण्याच्या प्रत्येक क्षणी कॉइलच्या वायरीतून ठिणगी उडाली पाहिजे. निळसर, जाड आणि "टक्" असा आवाज करणारी ठिणगी म्हणजे तब्येत उत्तम. पिवळी, केसासारखी, आवाज न करणारी असेल तर ती मोकळ्या हवेत उडते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली उडेलच असं नाही. तपासणी झाली की इग्निशन लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले असताना ते चालू राहिलं तर कॉइल भाजून निघते.

ठिणगी दमदार असेल तर अँपिअर मीटर, पॉइंट आणि कंडेन्सर सोडून कॅप, वायरी, प्लग आणि टायमिंग बघा, मग पेट्रोलकडे जा.

तिसरी पायरी: अँपिअर मीटरला विचारा

डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरकडे बहुतेक जण शोभेची वस्तू म्हणून बघतात. प्रत्यक्षात तो तुमचा पहिला तपासनीस आहे. इग्निशन चालू करा, दिवे बंद ठेवा आणि कुणाला तरी हँडलने इंजिन सावकाश फिरवायला सांगा. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे किंचित झुकतो, उघडले की शून्यावर येतो. झुकला, परतला, झुकला, परतला. हालचाल बारीक असते, पण नीट बघितलं तर दिसते.

काटा शून्यावरून हलतच नाही? मग करंट पॉइंटपर्यंत पोचत नाही किंवा पॉइंट मिटूनही जोड लागत नाही. इग्निशन स्विच, रेडिओचा खरखराट रोखण्यासाठी वाटेत बसवलेला फिल्टर, कॉइलचे दोन्ही टर्मिनल असं टेस्ट लॅम्प घेऊन एकेक टप्पा पुढे सरका. काटा डिस्चार्जलाच चिकटून बसला? मग पॉइंट उघडतच नाहीत, किंवा त्यांची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. डिस्ट्रिब्युटरमध्ये जिथून वायर आत शिरते तिथल्या इन्सुलेटिंग वॉशरचा क्रम चुकला की नेमकं हेच होतं. एक वॉशर आत, एक बाहेर, आणि मधल्या बोल्टचा बॉडीशी कुठेही स्पर्श नाही.

आता पॉइंट. गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पॉइंट उघडणारा फायबरचा ठोकळा डिस्ट्रिब्युटरच्या कॅमच्या बरोबर टोकावर असताना फीलर गेज (फट मोजायची पाती) घालायचा. पाती जाताना जराशी अडली पाहिजे, ढकलावी लागता कामा नये. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत पॉइंटच्या तोंडावर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो, तर नव्या कोऱ्या पॉइंटवर गंजरोधक तेल असतं. दोन्हीवर इलाज एकच: जाड कोरा कागद तोंडात धरून दोनदा ओढायचा. कागदावर काळी रेघ येते, तिसऱ्यांदा येत नाही. पॉलिश पेपरने खसाखसा घासू नका, त्याचे कण आत अडकतात. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या हलत्या प्लेटपासून बॉडीकडे जाणारी विणलेली बारीक तारही बघा. ती आतून तुटलेली असते आणि वरून धड दिसते.

कंडेन्सर म्हणजे पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांना जोडलेली छोटी डबी. त्याचा दोष ओळखायचा तो पॉइंटच्या चेहऱ्यावरून. ते पुन्हा पुन्हा जळून निळे-काळे पडत असतील आणि कॉइलची ठिणगी पिवळी असेल, तर कंडेन्सर बदलून बघा. फक्त नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर, असं गृहीत धरू नका. मी एकदा नवा बसवला आणि त्यानंतरचे दोन दिवस बाकीचं सगळं तपासण्यात घालवले. शेवटी वैतागून जुनाच परत लावला, आणि गाडी सुरू. तेव्हापासून जुना झालेला पण चालणारा प्रत्येक सुटा भाग डब्यात जपून ठेवतो.

कॉइलची ठिणगी चांगली आणि प्लगपाशी मात्र बोंब, असं असेल तर दोष कॅप, रोटर (कॅपखाली फिरणारा, ठिणगी वाटणारा तुकडा) किंवा वायरींत आहे. कॅप आतून पुसून उजेडात धरा. पेन्सिलीने ओढल्यासारखी वाकडी काळी रेघ दिसली तर ती तडा आहे, करंट तिथून पळतो. मधला कार्बन जागेवर आहे ना, तेही बघा. लष्करी वायरींच्या टोकांना रेडिओसाठी सप्रेसर बसवलेले असत, सुमारे १०,००० ओहमचे. आठ दशकांत यातले कित्येक आतून तुटतात. मीटर लावला आणि काटा हललाच नाही, तर तो सप्रेसर गेला.

प्लग काढाल तेव्हा कोणता कुठल्या सिलिंडरचा ते ओळीने मांडा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी नाही, किंवा कार्बोरेटर ओव्हर होतोय. तेलकट असेल तर रिंगांकडे संशय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. गॅप ०.०३० इंच.

टायमिंग

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षण, हलतं. फायबरचा ठोकळा झिजून गॅप कमी झाला तर पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं, गाडी तापते आणि चढाला दम टाकते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट क्रमाने केलं तर काम दोनदा.

एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा आणि हँडल सावकाश फिरवा. बोट बाहेर ढकललं जाऊ लागलं की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. मग क्लच हाउसिंगवरचं छोटं झाकण सरकवून आत फ्लायव्हीलवरची इग्निशनची खूण मधोमध आणा. ही खूण पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ५ अंश आधीची आहे. रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघत असला पाहिजे. नसेल आणि बरोबर विरुद्ध दिशेला असेल, तर डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेऱ्याने चुकीचा बसला आहे. अशी गाडी कार्बोरेटरमधून शिंका देते आणि सायलेन्सरमधून फटाके.

आता ६ व्होल्टचा टेस्ट लॅम्प डिस्ट्रिब्युटरचं बाजूचं टर्मिनल आणि अर्थ यांच्यामध्ये लावा, इग्निशन चालू करा, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून तो अगदी सावकाश फिरवा. लॅम्प ज्या क्षणी लागतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण. तिथेच आवळा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि रोटर वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वायरी घड्याळाच्या दिशेने लावून दिवसभर घाम गाळणारे मला भेटले आहेत. त्यांतला पहिला मीच.

पेट्रोल: टाकीपासून पुढे

टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, १५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे सुमारे ५७ लिटर. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असेल तर आधी ते काढा. शिळ्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबट वास येतो, आणि तेवढ्या एका कारणाने सगळी तपासणी खोटी ठरते.

टाकीचं झाकण उघडताना "सुस्स" आवाज येऊन हवा आत ओढली गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. पाच मिनिटांचं काम, पण त्याने भल्याभल्यांना रडवलं आहे.

पंप इंजिनच्या कॅमवर चालणारा, पडद्याचा. कार्बोरेटरपाशी लाइन सोडवा, टोक धातूच्या डब्यात धरा. कॉइलची मधली वायर अर्थ करून, इग्निशन बंद ठेवून सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने, जोरात यायला हवं. नुसतं थेंब-थेंब किंवा फेसाळ येत असेल तर पंपाच्या आधीच्या बाजूने हवा शिरते आहे. हा दोष फसवा आहे, कारण ओढणीच्या बाजूची गळती बाहेर ठिबकत नाही, आत हवा घेते. टाकीकडची रबरी नळी, फिल्टरच्या वाटीचं गॅस्केट आणि पितळी नट यांवर संशय घ्या. नळी बदलताना इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसणारी घ्या. जुनं रबर त्याने मऊ होऊन आतून सोलतं. पंपाच्या जुन्या पडद्याचंही तेच.

पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइल संपमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, वास पेट्रोलचा आला, तर इंजिन अजिबात सुरू करू नका. आधी पंप, मग नवं ऑइल, मग बाकीचं.

पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत जोमाने पोचतंय, ठिणगी निळी आहे, टायमिंग बरोबर आहे, तरच आता कार्बोरेटरकडे, म्हणजे कार्टर डब्ल्यूओकडे वळा. तेही उघडायचा नाही अजून. इंजिन बंद ठेवून वरची नळी काढा, आत बघा आणि थ्रॉटल हाताने ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे आणि कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाचा पिस्टन काम करतोय. पेट्रोल वरून ओसंडत असेल तर सुई अडकली आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोटच्या वाटीवर हलकेच टकटक करा, बऱ्याचदा कचऱ्याचा कण निसटून जातो.

गाडी चालू असताना चोक थोडा ओढून बघा. इंजिन सुधारलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, बिघडलं तर आधीच जास्त आहे. आयडलला फक्त चोकवरच टिकते, वेगात मात्र ठीक? मग आयडलचं जेट तुंबलंय किंवा मॅनिफोल्ड हवा ओढतंय. मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला क्रँककेसची हवा ओढणारा व्हॉल्व्ह असतो. तो उघडा अडकला तरी लक्षण अगदी हेच. जेट साफ करायचं ते हवेने. तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट कायमचं गेलं.

वीस मिनिटांनी बंद पडणारी गाडी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाडी थंड असताना मस्त, वीस मिनिटांनी हिसके देऊन बंद. दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही. तीन वेगळ्या दोषांचं नाटक हुबेहूब एकच असतं: गरम झाल्यावर तुटणारी कॉइल किंवा कंडेन्सर, लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होऊन बसलेला अडथळा, आणि टाकीतल्या ओढणीच्या नळीच्या तोंडाशी येणारा कचरा.

माझ्या गाडीत मी कार्बोरेटरचे दोन किट आणि एक कॉइल बसवून झालो होतो. शेवटी टाकी उतरवली. आतलं जुनं सीलंट सोलून निघालं होतं आणि नखाएवढा एक तुकडा पेट्रोलमध्ये तरंगत होता. पंप ओढू लागला की तुकडा नळीच्या तोंडावर जाऊन चिकटायचा. गाडी बंद पडली, ओढ संपली, की सुटून बाजूला व्हायचा. शोधायला गेलं की सगळं ठीक.

त्यामुळे युक्ती एकच, बंद पडल्या क्षणी तपासायचं, गार होऊ द्यायचं नाही. बॉनेट उघडून आधी ठिणगी. पिवळी किंवा गायब? कॉइल, कंडेन्सर. ठिणगी निळी असेल तर टाकीचं झाकण उघडून "सुस्स" ऐका. आवाज नाही? मग इंजिन थोडं निवल्यावर कार्बोरेटरची लाइन सोडवून पेट्रोल येतं का बघा, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर सांडलेलं पेट्रोल पेटू शकतं. येत नसेल तर पंप आणि त्याच्या आधीच्या लाइनवर ओलं फडकं ठेवा. दोन-तीन मिनिटांत पेट्रोल येऊ लागलं तर ती वाफ. मग लाइन एक्झॉस्टपासून लांब घ्या, मधे पत्रा लावा. फडक्याने फरक पडत नसेल तर पंपाकडची लाइन सोडवून टाकीच्या दिशेने हलकी हवा मारा, झाकण उघडं ठेवून. टाकीत बुडबुड ऐकू आलं आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकी उतरवायची तयारी करा.

२४ व्होल्टवाल्यांसाठी थोडंसं

१९५० पासूनच्या एम३८ आणि नंतरच्या एम३८ए१ मध्ये वरच्या काही युक्त्या चालत नाहीत. तिथली इग्निशन पाण्यात बुडूनही चालावी म्हणून बंदिस्त केलेली आहे. कॉइल डिस्ट्रिब्युटरच्या पोटात, वायरी धातूच्या आवरणात, प्लगही झाकलेले. वायर नुसती उपसून ठिणगी बघता येत नाही, त्यासाठी जोडणी वेगळी लागते. डिस्ट्रिब्युटरला हवा खेळवणाऱ्या नळ्या असतात, त्या नको असलेल्या समजून कुणी बंद केल्या की आत ओझोन आणि दमट हवा कोंडते आणि पॉइंट खराब होतात. प्लग बदलताना वायरीच्या टोकाची स्प्रिंग आणि रबरी सील दोन्ही जागेवर बसलेत का, हे बोटाने चाचपून बघा. आणि दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्टचा रेडिओ चालवू नका. एक उपाशी, दुसरी भरलेली अशी जोडी फार दिवस टिकत नाही.

दुरुस्ती झाल्यावर लगेच लांबच्या फेरीला निघू नका. इंजिन पूर्ण तापेपर्यंत जवळच फिरवा, बंद करा, पाच मिनिटांनी परत सुरू करा, सगळे पेट्रोलचे नट कोरड्या बोटाने चाचपा. नवे पॉइंट बसवले असतील तर साधारण ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. फायबरचा ठोकळा सुरुवातीलाच सगळ्यात जास्त झिजतो, आणि ०.०२० चे ०.०१५ कधी झाले ते कळतही नाही.